हिरव्या डबीचा हिशेब

आधी कबुली देतो. सांगलीत माझं औषधाचं दुकान आहे, आणि ज्या वस्तूबद्दल पुढे तक्रार करणार आहे ती मी स्वतः विकतो. स्पिरुलिना नावाच्या शेवाळाची हिरवी डबी. साठ गोळ्या, साडेचारशे रुपये. चिठ्ठीवरच्या कोलेस्टेरॉलच्या पाकिटावर मला जे सुटतं त्याच्या कितीतरी पट या एका डबीवर सुटतं. धंद्याच्या अंगानं पाहिलं तर मी गप्प बसलेलंच बरं.

कवठेमहांकाळकडचे एक काका गेली सहा-सात वर्षं दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दुकानात येतात. रेशनकार्ड जपावं तशी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेली डॉक्टरांची चिठ्ठी काउंटरवर ठेवतात. मी साखरेची मेटफॉर्मिन, कोलेस्टेरॉलची ॲटोरव्हास्टॅटिन आणि रक्तदाबाची गोळी काढून देतो. ते पाकिटं मोजतात, मुदतीची तारीख मला मोठ्यानं वाचायला लावतात आणि जातात. गेल्या दिवाळीनंतर आले ते पिशवी न काढताच म्हणाले, "डाक्टर, ह्या खेपंला गोळ्या नकोत. तेवढी शेवाळाची डबी द्या."

(आमच्याकडे मेडिकलवाल्यालाही डॉक्टरच म्हणतात. मी डी. फार्म. झालेला माणूस आहे.)

"काका, गोळ्या बंद करायला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. मीच केल्या. किती वर्सं खायाच्या? किडन्या जात्यात म्हणं. हे बगा, पोराच्या मित्रानं धाडलंय." त्यांनी मोबाइल पुढे केला. व्हिडिओत एक सुटाबुटातला माणूस सांगत होता की शेवाळानं तीन महिन्यांत साखर मुळापासून जाते आणि हृदयाच्या नसा धुऊन निघतात.

मी डबी दिली नाही. काका रागावून गेले आणि पुढच्या चौकातून घेऊन आले असणार. माझं सगळं म्हणणं या एका प्रसंगात आहे. शेवाळ विकायला माझा विरोध नाही. ते गोळीच्या जागेवर विकलं जातं, त्याला आहे.

शेवाळ म्हटलं की आपल्याला कृष्णेच्या घाटाची निसरडी पायरी आठवते. पाटण-जावळीकडच्या भातवाल्या शेतकऱ्याला आणखी एक आठवेल: खाचरात सोडायचं निळं-हिरवं शेवाळ, हवेतला नत्र धरून ठेवतं म्हणून कृषी खातं ज्याची शिफारस करतं ते. स्पिरुलिना त्याच निळ्या-हिरव्या भावकीतली. काटेकोर बोलायचं तर ती शेवाळही नाही. उजेडावर स्वतःचं अन्न करणारा जिवाणू आहे, मळसूत्रासारखा पिळलेला. खारट, सोड्यासारख्या पाण्यात ती फोफावते, कारण तिथं तिच्याशी स्पर्धा करायला फारसं कुणी टिकत नाही. आपल्या लोणारच्या विवरातल्या पाण्यात तिची जातकुळी सापडते. आफ्रिकेत चाड सरोवराकाठच्या बाया ती फडक्यातून गाळून वाळूवर वाळवतात आणि तिच्या वड्या कालवणात घालतात. मेक्सिकोतले ॲझटेक लोक टेक्स्कोको तळ्यातून ती काढून खात, असं सोळाव्या शतकात तिथं पोचलेल्या स्पॅनिश लोकांनी लिहून ठेवलंय. म्हणजे माणसानं ती शेकडो वर्षं खाल्ली आहे, पण कालवणात. नसा धुण्यासाठी नाही.

एकदा मी एक गोळी फोडून काचेच्या पेल्यात, पाण्यात टाकून ठेवली. दुकानभर तळ्याच्या काठाचा, थोडा सुक्या मासळीचा वास. दुसऱ्या दिवशी तळाला हिरवा गाळ आणि वर शाईसारखं निळं पाणी. हा निळा रंग म्हणजे फायकोसायनिन. शेवाळाच्या बाजूनं जे काही शास्त्रीय बोललं जातं त्यातलं बरंचसं या निळ्या रंगापाशी येतं: आतड्यात कोलेस्टेरॉल शोषलं जाण्याला तो आडकाठी करतो, असं जपानी संशोधकांना उंदरांमध्ये दिसलं.

आता प्रोटीन. डबीवर सगळ्यात मोठ्या अक्षरांत हेच असतं: साठ टक्के प्रोटीन. खोटं नाही. वाळलेल्या स्पिरुलिनात शंभर ग्रॅममागे सत्तावन्नच्या आसपास प्रोटीन असतं. पण शंभर ग्रॅम खातो कोण? अर्ध्या ग्रॅमच्या साठ गोळ्या म्हणजे अख्खी डबी तीस ग्रॅमची. तीस ग्रॅममध्ये प्रोटीन साधारण सतरा ग्रॅम. तेवढं प्रोटीन सत्तर ग्रॅम शेंगदाण्यात मिळतं. म्हणजे मोठी मूठ-दीड मूठ, फार तर दहा रुपयांचे. साडेचारशेला दहा. ज्या जिल्ह्यात प्रत्येक घरात शेंगदाण्याच्या चटणीचा डबा असतो तिथं "गरिबाला प्रोटीन मिळतं" हा युक्तिवाद ऐकला की मला हसावं की रडावं कळत नाही. चाड सरोवराकाठी तो युक्तिवाद खरा असेल.

मग प्रोटीन सोडा, औषधी गुणाचं बोलू. इथं मला शेवाळाची बाजू प्रामाणिकपणे मांडायला हवी, कारण "सगळं थोतांड आहे" असं म्हणून उडवून लावणारे डॉक्टरही माझ्या ओळखीचे आहेत आणि तेही बरोबर नाहीत. २००१ साली बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातल्या संशोधकांनी २५ मधुमेही माणसांवर प्रयोग केला. काहींना दोन महिने रोज २ ग्रॅम स्पिरुलिना, बाकीच्यांना काही नाही. ज्यांनी खाल्ली त्यांची उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर, साखरेची तीन महिन्यांची सरासरी आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) कमी झाले. २००७ मध्ये मेक्सिकोतल्या एका प्रयोगात ३६ जणांनी सहा आठवडे रोज ४.५ ग्रॅम खाल्ली. रक्तदाब आणि चरबी दोन्ही उतरले. २०१६ मध्ये अशा सात चाचण्या एकत्र मांडून काढलेला निष्कर्षही शेवाळाच्या बाजूचाच आहे. तेव्हा काहीच होत नाही असं म्हणता येत नाही.

पण आकडे पुन्हा वाचा. २५ माणसं. ३६ माणसं. सहा आठवडे, दोन महिने. आणि मेक्सिकोच्या प्रयोगात तुलनेला दुसरा गटच नव्हता. त्यानं काय बिघडतं हे सांगायला मला विश्रामबागेतल्या एक निवृत्त शिक्षिका उपयोगी पडतात. त्यांचे ट्रायग्लिसराइड २४० वरून १७० वर आले, आणि त्यांनी तो रिपोर्ट दुकानात सगळ्यांना दाखवला. "बघा, शेवाळ!" मी विचारलं, बाई, आणखी काय बदललं? तर रोज सकाळी आमराईत चार फेऱ्या सुरू झालेल्या, संध्याकाळचं भडंग बंद, आणि मुलीचं लग्न नुकतंच पार पडलेलं. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि श्रेय गेलं ते जिच्यासाठी पैसे मोजले तिला. शिक्षिका असल्यामुळे बाईंना मुद्दा लगेच कळला, पण त्यांनी डबी काही सोडली नाही. माझी हरकतही नव्हती. त्यांच्या कुठल्याच गोळ्या बंद झालेल्या नव्हत्या.

आणखी एक बारीक गोष्ट, जी माझ्यासारख्या गोळ्या मोजणाऱ्यालाच दिसते. प्रयोगात माणसं रोज २ ते ४.५ ग्रॅम खात होती. डबीवर लिहिलेलं असतं, दिवसाला दोन गोळ्या. म्हणजे एक ग्रॅम. बडोद्याचा डोस घ्यायचा तर रोज चार गोळ्या लागतील, डबी पंधरा दिवसांत संपेल आणि महिन्याचा खर्च नऊशे रुपये होईल. मेक्सिकोचा घ्यायचा तर रोज नऊ. जाहिरातीत पुरावा मोठ्या डोसाचा आणि डबीत माल लहान डोसाचा. इतकी साधी गोष्ट एकाही व्हिडिओत कुणी सांगत नाही. मेटफॉर्मिन आणि कोलेस्टेरॉलची जेनेरिक गोळी मिळून महिन्याला शंभर रुपयांच्या आसपास बसते, आणि साखरेच्या-रक्तदाबाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट असतात.

रिपोर्टातला आकडा उतरला म्हणजे हार्ट अटॅक टळला, हे आपण फार सहज धरून चालतो. तसं नसतं, आणि हे औषध कंपन्याही कोट्यवधी गमावून शिकल्या. टॉर्सेट्रॅपिब नावाचं एक औषध होतं. चांगलं कोलेस्टेरॉल ७२ टक्क्यांनी वाढवायचं, वाईट २५ टक्क्यांनी उतरवायचं. असा रिपोर्ट घेऊन कुणी माझ्या दुकानात आलं तर मी पेढे मागीन. १५,०६७ लोकांवर चाचणी चालली होती. २००६ च्या डिसेंबरात ती मध्येच थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत जास्त माणसं दगावत होती. शेवटच्या मोजणीत ती ९३ भरली, आणि न घेणाऱ्यांत ५९. आकडे सुंदर आणि माणसं मेलेली. म्हणून हृदयाच्या औषधाला विचारायचा प्रश्न "कोलेस्टेरॉल किती उतरलं" एवढाच नसतो; "किती माणसं वाचली" हा असतो. स्टॅटिन गोळ्यांनी, म्हणजे काकांच्या ॲटोरव्हास्टॅटिनच्या जातीच्या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्यांनी, या प्रश्नाचं उत्तर दिलेलं आहे. १९९४ मध्ये, हृदयविकार असलेल्या ४,४४४ लोकांच्या चाचणीत, मृत्यू तीस टक्क्यांनी घटले. पुढे २६ चाचण्यांतल्या एक लाख सत्तर हजार लोकांचे आकडे एकत्र मांडले गेले, तेव्हाही तेच दिसलं. शेवाळानं हार्ट अटॅक कमी झाले असं दाखवणारी एकही मोठी चाचणी नाही. ती व्हावी असं मला मनापासून वाटतं. पण झालेली नसताना झाल्यासारखं बोलणं ही फसवणूक आहे.

या सगळ्यावर काउंटरपलीकडून येणारं उत्तर ठरलेलं आहे. "ते केमिकल, हे नैसर्गिक." यावर मी आजकाल एक गोष्ट सांगतो. अकिरा एंडो नावाचे जपानी शास्त्रज्ञ होते, शेतकऱ्याच्या घरातले, बुरशीचं लहानपणापासून वेड. टोकियोतल्या एका औषध कंपनीत त्यांनी दोन वर्षांत सहा हजारांवर बुरशा तपासल्या, कोलेस्टेरॉल अडवणारी एखादी सापडते का म्हणून. १९७३ मध्ये सापडली. कुठली? क्योटोतल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावर आलेली निळी-हिरवी बुरशी. पहिलं स्टॅटिन तिच्यातून निघालं. १९८७ मध्ये अमेरिकेत बाजारात आलेलं लोव्हास्टॅटिनही बुरशीचंच. एंडो २०२४ मध्ये गेले. मेटफॉर्मिनचं मूळही गॅलेगा नावाच्या एका फुलझाडात आहे, युरोपात शेळ्या-मेंढ्यांच्या चाऱ्यात आणि वैदूंच्या झोळीत असलेल्या. आज आपण घेतो त्या गोळ्या कारखान्यात होतात, मान्य. पण शेवाळाची गोळीही काही लोणारच्या काठावर वळलेली नसते. पाण्यात सोडा आणि खतं घालून, पंख्यानं ढवळून, यंत्रानं वाळवून, दाबून तयार होते. एक निळी-हिरवी बुरशी आणि एक निळं-हिरवं शेवाळ. दोघांत फरक एवढाच की पहिलीला पन्नास वर्षं प्रश्न विचारले गेले.

"किडन्या जात्यात" हेही असंच. ही समजूत आली कुठून ते बघितलं पाहिजे, नाहीतर ती जाणार नाही. किडनी फार खराब झाली की डॉक्टर मेटफॉर्मिन बंद करतात, कारण मग ती गोळी शरीरातून नीट बाहेर पडत नाही. शेजारी बघतो ते एवढंच: ह्याची किडनी गेली आणि डॉक्टरांनी गोळी बंद केली. म्हणजे गोळीनं गेली. प्रत्यक्षात किडनी घेऊन जाते ती वर्षानुवर्षं चढलेली साखर आणि चढलेला रक्तदाब, ज्या दोघांना त्या गोळ्या अडवत होत्या. हे समजावून सांगायला चार मिनिटं लागतात. मी घड्याळ लावून पाहिलंय. मिरजेच्या दवाखान्यांच्या रस्त्यावर सकाळी आठपासून नंबर लावून बसलेल्या पेशंटला ती चार मिनिटं मिळत नाहीत; चाळीस जण मागे बसलेले असतात, निम्मे कर्नाटकातून आलेले. मोबाइलवरचा सुटाबुटातला माणूस मात्र चाळीस मिनिटं बोलतो, हसून, मराठीत. मला खरा राग कुणाचा येतो हे ठरवणं अवघड आहे.

"बरं, साइड इफेक्ट तर नाही ना? मग खाल्लं तर बिघडलं काय?" हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो. बऱ्याच लोकांचं काही बिघडत नाही, खरंच. पण तीन ठिकाणी बिघडतं.

पहिलं ठिकाण बी-१२ जीवनसत्त्व. आमच्या भागात माळकरी आहेत, लिंगायत आहेत, जैन आहेत. पिढ्यान् पिढ्या मांस-मच्छी नाही. बी-१२ शाकाहारात दुधा-दह्यापलीकडे फारसं मिळत नाही. त्यात मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की ते आणखी घटतं. म्हणजे मधुमेही माळकरी हा बी-१२ च्या दृष्टीनं दुहेरी अडचणीत असतो. आणि डबीवर लिहिलेलं असतं: शाकाहारी बी-१२ चा उत्तम स्रोत! स्पिरुलिनात जे आहे ते बहुतांशी तोतया बी-१२. रेणू जवळपास तसाच, जुन्या पद्धतीच्या तपासणीत, जिथं जिवाणू वाढवून मोजतात, तो खऱ्यासारखाच मोजलाही जातो, पण माणसाच्या शरीरात त्याचं काम शून्य. बी-१२ कमी पडलं की तळपायाला मुंग्या येतात, चप्पल कधी सुटली कळत नाही, आणि माणूस म्हणतो साखरेमुळे असेल, शेवाळ तर चालू आहेच. बी-१२ ची साधी गोळी माझ्याकडे आहे, इंजेक्शन आहे, दोन्ही स्वस्त आहेत. या एका कारणासाठी त्या डबीवरची ती ओळ खोडून टाकायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरं, क्लोरेला. ही खरी हिरवी शेवाळ, हल्ली स्पिरुलिनाबरोबर मिसळून विकतात. तिच्यात के जीवनसत्त्व भरपूर. हृदयाची झडप बदललेल्या माणसाला रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असते, आणि वॉरफरिनच्या जातीच्या त्या गोळीचं काम के जीवनसत्त्व नेमकं उलटं फिरवतं. अशा माणसानं पालकाची भाजीसुद्धा मापात खायची असते. त्याला कुणी "हृदयासाठी चांगलं" म्हणून क्लोरेला दिली तर?

तिसरं, माल कुठल्या पाण्यातला. टाकीत नीट वाढवलेली स्पिरुलिना सहसा स्वच्छ असते. पण उघड्या तळ्यातल्या दुसऱ्या निळ्या-हिरव्या जाती यकृताला घातक विष तयार करतात. अमेरिकेत ऑरेगन राज्यात एका तळ्यातून काढलेलं शेवाळ पूरक आहार म्हणून विकलं जात होतं. त्यात हे विष सापडलं आणि १९९७ मध्ये राज्याला मर्यादा घालावी लागली, ग्रॅममागे एक मायक्रोग्रॅम. जड धातूही शेवाळ पाण्यातून ओढून घेतं. माझ्या दुकानात आलेल्या डब्यांपैकी किती डब्यांबरोबर तपासणीचा कागद आला? एकाही नाही.

एक अपवाद मोकळेपणानं मांडतो. शेवाळापासून काढलेलं डीएचए तेल. डीएचए म्हणजे ओमेगा-३ जातीची एक चरबी. मासळीत ओमेगा-३ येतं ते मुळात मासे सूक्ष्म शेवाळ खातात म्हणून. ते थेट शेवाळातून घेणं शाकाहाऱ्यासाठी अगदी समजण्यासारखं आहे, कारण आपल्या जवसाच्या चटणीतल्या ओमेगा-३ चं शरीरात डीएचए होतं ते अगदी थोडं. तरी हृदयासाठी म्हणून घेत असाल तर २०१८ ची अमेरिकेतली चाचणी लक्षात घ्या: २५,८७१ लोक, रोज एक ग्रॅम मासळीचं ओमेगा-३, पाच वर्षांच्या आसपास. हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकारानं मृत्यू यांची बेरीज लक्षणीय घटली नाही. जवसाची चटणी खात राहा, ती भाकरीबरोबर छान लागते.

रक्तदाबाचंही तसंच. चाचण्यांमध्ये शेवाळानं वरचा आकडा चार-पाच अंकांनी उतरलेला दिसतो. मीठ नीट कमी केलं तरी साधारण तेवढाच उतरतो. पण लोणचं, पापड, खर्डा आणि खारे शेंगदाणे कमी करा असं सांगणारा माणूस डायमंड लेव्हलला, म्हणजे साखळी पद्धतीनं माल विकणाऱ्या कंपनीतल्या एजंटांच्या वरच्या पायरीला, पोचत नाही.

डायमंड लेव्हलवरून आठवलं. मागच्या वर्षी विट्याच्या एका मंगल कार्यालयात शेवाळ विकणाऱ्या अशा एका साखळीच्या मीटिंगला मी मुद्दाम जाऊन बसलो, शेवटच्या रांगेत. तीनशे-साडेतीनशे माणसं, बायाच जास्त, चहा-पोहे फुकट. स्टेजवरच्या माणसानं काचेच्या ग्लासात पाणी घेतलं, त्यात जखमेवर लावायचं लाल-तपकिरी आयोडीन टाकलं. "हे तुमचं रक्त. टॉक्सिननं भरलेलं." मग शेवाळाच्या डबीबरोबर मिळणारे कसलेसे थेंब त्यात टाकले. रंग झटक्यात गेला, पाणी स्वच्छ. टाळ्या. माझ्या शेजारच्या बाईंनी पदर डोक्यावरून नीट केला आणि नाव नोंदवायला उठल्या. घरी येऊन मी तोच प्रयोग केला, आमच्या फ्रिजमधल्या अर्ध्या लिंबावर. रंग गेला. क जीवनसत्त्व आयोडीनचा रंग घालवतं, एवढाच मामला. रक्ताचा त्यात काही संबंध नाही.

आता वर्षभर नवीन फड उभा राहतोय: शेवाळ पिकवा, आम्ही विकत घेऊ. २०१९ मध्ये इस्लामपूरच्या बाजूला कडकनाथ कोंबड्यांच्या बाय-बॅकमध्ये शेतकऱ्यांचे कोट्यवधी अडकले, ते सगळ्यांना ठाऊक आहे, तरी टाक्या बांधायला लोक तयार होतात. उसाला पाणी देऊन देऊन क्षारपड झालेल्या जमिनीवर पीक म्हणून शेवाळ हा विचार मला मुळात वाईट वाटत नाही. पण पिकवलेलं खाणार कोण, या प्रश्नाचं उत्तर आज "मधुमेही माणूस, गोळी सोडून" असं आहे, आणि त्या पायावर मी शेतकऱ्याला टाकी बांध म्हणणार नाही.

सरकारनं नवीन कायदा करावा असं मी म्हणत नाही. जुनाच पुरे आहे. औषधं आणि जादूटोण्यासारख्या उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा १९५४ सालचा आहे, आणि त्याच्या यादीत मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, लठ्ठपणा ही नावं छापलेली आहेत. हे आजार बरे करतो अशी जाहिरात करणं गुन्हा आहे. पूरक आहाराचे केंद्रीय नियम सांगतात की डबीवर "औषधी वापरासाठी नाही" असं ठळक लिहावं. लिहिलेलं असतं, इंग्रजीत, मागच्या बाजूला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. माझी मागणी एवढी आहे की ती ओळ मराठीत, समोर, प्रोटीनच्या आकड्याएवढ्या अक्षरात यावी. खाली "डॉक्टरांच्या गोळ्या बंद करू नका" असं यावं. आणि अन्न व औषध प्रशासनानं जशी माझ्या दुकानातली शेड्यूल एच-१ ची, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांची, वही तपासली जाते तशीच मंगल कार्यालयांतली स्टेजही तपासावी. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीनुसार देशात १० कोटी १० लाख मधुमेही आहेत आणि आणखी १३ कोटी ६० लाख उंबरठ्यावर. एवढा मोठा बाजार मोकळा सोडल्यावर त्यात कोण दुकान मांडेल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

आणि आम्ही दुकानदार? आमच्या संघटनेत मी हा विषय काढला तेव्हा एकजण म्हणाला, "तुम्ही नाही विकली तर पुढचा विकेल." खरं आहे, काकांनी तेच केलं. म्हणून मी विकणं बंद केलं नाही. डबी काउंटरवरून उचलली आणि मागे, राजगिऱ्याचे लाडू, नाचणीचं सत्त्व आणि बिस्किटं असतात त्या फळीवर ठेवली. प्रत्येक डबीला दोरीनं एक चिठ्ठी बांधली, हातानं लिहिलेली: "हे अन्न आहे. साखर, बीपी, कोलेस्टेरॉलची गोळी याच्यामुळे बंद करू नये. यातलं बी-१२ शरीराला लागू पडत नाही." महिन्याला वीस-बावीस डब्या जायच्या, आता सात-आठ जातात. कंपनीचा पोरगा आला, चिठ्ठी वाचली, म्हणाला, "सर, एवढी ओळ काढा ना, बी-१२ ची तरी." मी चहा पाजला त्याला.

काका फेब्रुवारीत आले, बरोबर काकू. तीन महिन्यांची सरासरी साखर ७.२ होती ती ९.६ वर गेलेली, वाईट कोलेस्टेरॉल ८८ वरून १६४ वर. या खेपेला पिशवी काकूंच्या हातात होती. त्यांनी चिठ्ठी काढून काउंटरवर ठेवली, मी पाकिटं काढली, तारखा वाचून दाखवल्या. काका मागच्या फळीकडे बघत होते.

"आन् ती बी एक द्या," काका म्हणाले.

"दोन्ही खायाचं न्हवं?" काकूंनी मला विचारलं.

"खा की, काकू. ही गोळी आधी, ती जेवणात."

काकूंनी डबी हातात घेतली, चिठ्ठी उलटी-सुलटी केली, किंमत विचारली आणि डबी परत फळीवर ठेवली.